नल्लकुंट्याच्या कपाटातले आवाज

लिंगमपल्लीहून फलकनुम्याकडे जाणारी एमएमटीएस रविवारी सकाळी निम्मी रिकामी असते. सिकंदराबाद मागे पडलं, की सीताफळमंडीनंतर गाडी उस्मानिया विद्यापीठाच्या कडेकडेनं जायला लागते आणि स्टेशनांची नावंसुद्धा अभ्यासू होतात: आर्ट्स कॉलेज, जामिया उस्मानिया, विद्यानगर. मी विद्यानगरला उतरते. ऑटोवाल्याला ‘नल्लकुंटा, शंकर मठ’ म्हटलं, की तो मीटरकडे न बघता रक्कम सांगतो, मी ‘नक्को भैया’ म्हणते, आणि मग दोघांनाही आधीपासून माहीत असलेल्या आकड्यावर आम्ही येतो. गेल्या पाच महिन्यांत हे वीसेक वेळा झालं असेल.

हैदराबादच्या पश्चिमेला, काचेच्या इमारतींत नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांना नल्लकुंटा फारसा माहीत नसतो. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा आणि हा भाग म्हणजे ‘जुन्या मराठी लोकांचा’, एवढीच आमची माहिती. तेलुगूत ‘नल्ल’ म्हणजे काळं आणि ‘कुंट’ म्हणजे छोटं तळं. पण तळं कुठे होतं म्हणून विचारलं, तर मला दोघांनी दोन दिशांना हात दाखवले. शेजारच्या बाग अंबरपेटेतली बतुकम्मा कुंट अशीच राडारोड्याखाली गडप झाली होती, ती उकरून २०२५ मध्ये पुन्हा पाण्यानं भरली. इथल्या काळ्या तळ्याचं मात्र नावच उरलंय. नावांची या भागाला हौसच आहे. फीवर हॉस्पिटलच्या पाटीवर सर रोनाल्ड रॉस यांचं भलंमोठं नाव आहे, ज्यांनी १८९७ मध्ये बेगमपेटला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला ते हे रॉस. पण जुने लोक अजून त्याला ‘कोरंटी दवाखाना’च म्हणतात. क्वारंटाइनचं कोरंटी. लॉकडाउनमध्ये आपण तो शब्द नव्यानं शिकलो, नल्लकुंट्यातल्या आज्यांना तो आधीच पाठ होता.

मी इथे यायला लागले त्याला कारण आपल्या मंडळाचा इंटरनेट रेडिओ. दर रविवारी अर्धा तास, मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांतलं काहीतरी लावायचं असं बैठकीत ठरलं. निवडणार कोण, यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. “तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना!” आपल्याकडे सॉफ्टवेअरमध्ये असणाऱ्या माणसाला प्रिंटरही दुरुस्त करता येतो आणि भारूडही निवडता येतं. रेकॉर्डिंग मिळतील म्हणून नल्लकुंट्यातल्या एका काकांचा नंबर हातात पडला.

काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मूळचे परभणीकडचे, आयुष्यभर इथे सरकारी नोकरी केली. मंडळाचा गणपती असो, कोजागरी असो, आषाढीचं भजन असो, १९७९ पासून काका टेप रेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेले असायचे. त्यांच्या गोदरेजच्या कपाटात, वरच्या दोन खणांत एकशे त्रेचाळीस कॅसेट आहेत. प्रत्येकीवर निळ्या बॉलपेननं तारीख, प्रसंग आणि ए बाजू, बी बाजू. डांबराच्या गोळ्यांचा वास इतका, की माझा लॅपटॉपही घरी आल्यावर दोन दिवस तसाच दरवळत होता.

पहिल्याच दिवशी मी त्यांना माझ्या नॅशव्हिलच्या सहकाऱ्याची गोष्ट सांगितली. त्याच्या गावात डब्ल्यूएसएम नावाचं रेडिओ स्टेशन आहे. तिथे २८ नोव्हेंबर १९२५ ला सत्त्याहत्तर वर्षांच्या एका म्हाताऱ्यानं, अंकल जिमी थॉम्पसन त्याचं नाव, फिडल वाजवून एका कार्यक्रमाची सुरुवात केली. तो कार्यक्रम ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणून शंभर वर्षांनंतरही प्रेक्षकांसमोर थेट होतो आणि रेडिओवर लागतो. माझा सहकारी जुन्या ऑप्रीच्या रेकॉर्डिंगांतून आपल्या आवडीच्या याद्या करत बसतो. म्हणतो, स्टुडिओतल्या गाण्यापेक्षा हे बरं, यात लोक खोकतात. “कंट्री म्युझिक म्हणतात त्याला, काका.” काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “कंट्री? आमच्याकडे कंट्री म्हणजे दुसरंच काहीतरी असतं बाटलीत.” आणि मग एक कॅसेट काढून, “सत्त्याहत्तर वर्षांचे ना? हे ऐक. हे एक्क्याऐंशीचे होते.” टेपवर एक थकलेला, पण सुरात पक्का आवाज गौळण म्हणत होता आणि मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं.

नल्लकुंट्यात बसून संगीताच्या गप्पा निघाल्या, की काकांचा हात सारखा खिडकीबाहेर जातो. त्या बाजूला अंबरपेट, तिथे पंडित मोतीराम यांची समाधी. निजामाच्या दरबारी गायक म्हणून नेमणूक व्हायची त्याच दिवशी, १९३४ च्या नोव्हेंबरात, ते गेले. धाकटे जसराज तेव्हा जेमतेम चार वर्षांचे होते. मोठेपणी ते दर वर्षी वडिलांच्या पुण्यतिथीला इथे येऊन संगीत समारोह करायचे. दुसऱ्या बाजूला बशीरबाग, तिथे बडे गुलाम अली खाँसाहेब शेवटी राहिले आणि २५ एप्रिल १९६८ ला तिथेच गेले. आपण रोज त्याच रस्त्यानं ट्रॅफिकला शिव्या देत जातो. रेडिओचंही तसंच. इथे निजामाचा सरकारी डेक्कन रेडिओ १९३५ पासून होता, त्यावर उर्दूबरोबर तेलुगू, मराठी, कानडी कार्यक्रम व्हायचे आणि १९५० मध्ये तो आकाशवाणीत विलीन झाला. त्या सुरुवातीच्या काळात कलाकार स्टुडिओत येऊन थेट गायचे आणि गाणं हवेत जायचं. टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची. म्हणजे काय राहिलं आणि काय गेलं, हे पुष्कळदा टेपच्या किमतीवर ठरलं. काकांनीही हे केलंय. १९८३ च्या कोजागरीवर त्यांनी पुतणीच्या बारशाचं रेकॉर्डिंग केलं, आणि ते अजून त्याबद्दल हळहळतात. पुतणी हळहळत नाही.

आता निवडीचं सांगते. एकशे त्रेचाळीस कॅसेट म्हणजे साधारण दीडशे तास. दर आठवड्याला हवा अर्धा तास. मला वाटलं होतं, चांगलं गाणं निवडायचं, बस्स. तसं नसतं.

पहिली चाळणी टेपची. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगानं पळणारी जवळजवळ शहाऐंशी मीटर फीत. ती बरी टिकते. नव्वदचीही चालते. एकशेवीसची फीत फार पातळ, ती यंत्रात गुंडाळते आणि मग पेन्सिल घालून फिरवत बसा. काकांनी काटकसरीच्या दिवसांत एकशेवीसच्या अकरा आणल्या होत्या. त्यातल्या चार गेल्याच. दुसरी गोष्ट, बाजू उलटायची. भजन रंगात आलं की नेमकी बाजू संपते. काका म्हणतात, ते टाळ्यांत बाजू बदलायचे. पण टाळ्या कधी वाजतील हे गायकाच्या हातात असतं. किती तरी उत्तम अभंगांचे शेवट असे हवेत राहिले आहेत.

दुसरी चाळणी हक्कांची, आणि इथे मी बरीच रात्र जागले. तुकाराम-एकनाथांच्या शब्दांवर कुणाचा मालकी हक्क नाही. पण चालीवर असू शकतो. संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं तो राहतो. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालीत मंडळाच्या ताईंनी अभंग म्हटला असला, तरी तो आपल्या रेडिओवर लावायला २०७१ संपेपर्यंत परवानगी हवी. ठरावीक दर भरून गाणी वाजवण्याची सवलत कायद्यात प्रसारकांना आहे, पण ती इंटरनेटला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. मग गाजलेल्या रेकॉर्डवरच्या चाली आम्ही बाजूला ठेवल्या. उरलं काय? पारंपरिक चालीची भजनं, गौळणी, भारुडं, जात्यावरच्या ओव्या, एक वासुदेव, दोन पोवाडे. खरं सांगायचं तर त्यामुळे कार्यक्रम सुधारला. गाजलेल्या अभंगांची मूळ गाणी कुणीही मोबाइलवर ऐकू शकतो. परभणीकडच्या बायका दळताना कशा गायच्या, ते या कपाटाशिवाय कुठे मिळणार?

गाणाऱ्याचाही हक्क असतो. १९९४ च्या दुरुस्तीनं तो कायद्यात आला आणि १९९९ मध्ये त्याची मुदत पन्नास वर्षं झाली. आम्ही कायद्याचा कीस न पाडता साधा नियम केला: गाणारी व्यक्ती असेल तर तिला विचारायचं, नसेल तर घरच्यांना. कपाटात एका नामवंत गवयांच्या खासगी बैठकीची कॅसेट आहे. कुणीतरी कोटाच्या खिशात रेकॉर्डर लपवून केलेली, निम्मा वेळ कापडाचा खरखराट. काकांना ती लावायची फार इच्छा होती. “एवढा मोठा माणूस, मंडळाचं नाव होईल!” मी नाही म्हटलं. गवयांना माहीतच नव्हतं की कुणी रेकॉर्ड करतंय. काका दोन रविवार माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

आणि मग मला ते भारूड सापडलं.

लेबल: ‘आषाढी ८८, बी बाजू’. गच्चीवरचा कार्यक्रम. सुरुवातीला दोन अभंग, लाउडस्पीकरचा घुमारा, मागे विजेची बारीक गुणगुण. मग घुमारा एकदम जातो, आवाज जवळ येतो आणि एक बाई एकनाथांचं भारूड सुरू करते. काय आवाज! रुंद, मोकळा, थोडा खट्याळ. लोक हसताहेत, ढोलकीवाला तिला छेडतोय. मधेच ती ओळ विसरते. ढोलकी थांबत नाही. दोन आवर्तनं रिकामी जातात, बायकांच्या बाजूनं कुणीतरी शब्द पुरवतं, ती मोठ्यांदा हसते आणि तिथूनच पुढे उचलते. मी ट्रेनमध्ये ते सलग तीन वेळा ऐकलं. आषाढीच्या रविवारी हेच लावायचं, दुसरं काही नाही, हे माझं ठरलं.

काका म्हणाले, “ते नको.”

का, ते सांगेनात. ओळ विसरली म्हणून? ती कापता येईल, असं मी म्हटलं, जरी मला ती कापायची अजिबात इच्छा नव्हती. “नको म्हटलं ना.” बाई कोण, तर “होत्या एक.” माझ्या नियमाप्रमाणे नाव कळल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नव्हते, आणि नाव काका देत नव्हते. मी थोडी चिडलेही. एका गवयाच्या चोरून केलेल्या टेपला मी नकार दिला, त्याची ही परतफेड, असं माझ्या मनात आलं. हे आता लिहिताना लाज वाटते.

काकू या सगळ्यात स्वयंपाकघरात असायच्या. त्यांच्या हातची सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा आपल्या मराठवाड्याचा नाश्ता, हे माझ्या दर रविवारच्या एमएमटीएसचं निम्मं कारण होतं. काकू कमी बोलतात. बारा वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आवाज घोगरा आणि बारीक झालाय, एवढं मला माहीत होतं. एका रविवारी काका औषधं आणायला गेले असताना मी हेडफोन न लावता ती फाइल चालवली. चूक होती की नव्हती, मला अजून ठरवता येत नाही. काकू हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. भारूड संपेपर्यंत तशाच. मला तेव्हा कळलं.

मी माफी मागायच्या तयारीत होते. काकू म्हणाल्या, “अगं, हे पळतंय.”

“काय?”

“टेप पळतीय. मी इतकी पळत गात नव्हते. आणि मी पांढरी पाचच्या वर कधी गेले नाही. हे बघ, शेवटी काळी चार लागतीय.”

मी बीई झालेली मुलगी. पाच महिने स्पेक्ट्रोग्राम बघतेय, खरखर काढतेय, आणि पेटीचा सूर गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत अर्धा स्वर चढला, हे मला ऐकू आलं नव्हतं. गळा चढेल, तबला उतरेल, पण पेटीची पट्टी बसल्या जागी चढत नाही. चढली असेल तर यंत्रानं चढवली. आकाशवाणीनं १९४० मध्ये जिला दार बंद केलं आणि पुढे तीसेक वर्षं आत घेतलं नाही, तीच पेटी इथे साक्षीदार निघाली.

“त्या रात्री लाइट गेली होती,” काकू म्हणाल्या. “कंदील लावून म्हटलं. म्हणून तर विसरले, समोर कागद दिसेना.”

सगळं जागेवर बसलं. वीज गेली म्हणून लाउडस्पीकर बंद, म्हणून घुमारा गेला. टेपवरची विजेची गुणगुणही त्याच क्षणी नाहीशी होते. मला ती जाणवली होती आणि मी खूश झाले होते, की चला, काढायचं काम वाचलं. खरं तर ती गुणगुण म्हणजे टेपचा वेग तपासायची एक खूण असते. वीज पन्नास हर्ट्‌झची, गुणगुण त्याच सुराची. (त्या काळी दक्षिणेकडची वीज बऱ्याचदा पन्नासच्या खालीच असायची, म्हणजे ती खूणही थोडी बेसूरच.) काकांचा रेकॉर्डर लाइट जाताच सेलवर आला. सेल जुने. मोटर हळूहळू मंदावत गेली. रेकॉर्ड करताना फीत हळू पळाली, की नेहमीच्या वेगानं वाजवताना गाणं जलद आणि चढं ऐकू येतं. वेगात सहा टक्के फरक पडला, की सूर बरोबर एका पट्टीनं हलतो: पांढरी पाचची काळी चार.

काका परत आले तेव्हा मी आणि काकू लॅपटॉपसमोर शेजारी शेजारी बसलो होतो, मंडळाची जुनी पेटी मांडीशी. काकूंनी पांढरी पाच दाबून धरायची, मी फाइलचा वेग थोडा थोडा उतरवायचा. पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे. “अजून. अजून जरा. हां, बास.” दोन तास गेले. सात मिनिटं दहा सेकंदांचं भारूड साडेसात मिनिटांचं झालं. बाईचा आवाज आणखी रुंद झाला, ढोलकी भारदस्त झाली. काका दारातल्या खुर्चीवर बसून होते. शेवटी म्हणाले, “मला वाटलं तुला त्रास होईल.”

“विचारायचं होतं,” काकू म्हणाल्या.

यावर काका काही बोलले नाहीत. आत जाऊन तिघांचा चहा त्यांनीच करून आणला.

काकूंनी लावायला परवानगी दिली, पण अटींवर. ओळ विसरल्याची जागा कापायची नाही. ती कापली तर शब्द पुरवणाऱ्या बाईंचा आवाज जाईल, आणि त्या आता नाहीत. ढोलकीवाल्यांचं आणि पेटीवाल्यांचं नाव आधी घ्यायचं, आपलं शेवटी. आणि लाइट गेली होती हे सांगायचं. “नाहीतर लोक म्हणतील, बाई पाठांतर न करता आली.” माझ्याच नियमाप्रमाणे मग ढोलकीवाल्यांच्या घरच्यांना शोधणं आलं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी पुण्यात असते, मंडळातल्या तिघांना विचारत विचारत तिचा नंबर मिळाला. तिला फाइल पाठवली. तासाभरानं तिचा उलटा प्रश्न आला: त्यात बाबा मधे काहीतरी बोलतात, ते नीट ऐकू येईल असं करता येईल का? केलं. ‘घ्या, कंदील पण दमला,’ असं ते म्हणतात.

आषाढीच्या रविवारी ते लागलं. ऐकणारे किती होते, तो आकडा माझ्याकडे आहे, पण सांगण्यासारखा नाही. काकूंनी ते ऐकलं नाही, त्या वेळी त्यांचा उपासाचा स्वयंपाक चालू होता. काकांनी मात्र रेडिओवरून पुन्हा टेपवर उतरवून घेतलं. मी म्हटलं, काका, फाइल आहे ना. म्हणाले, असू दे.

कुणाच्या घरी मंडळाच्या कार्यक्रमांच्या कॅसेट असतील, तर कृपया आधी वाजवून बघू नका. खूप वर्षं पडून असलेली फीत एकदम यंत्रात घातली तर तुटू शकते. डबा तसाच आणून द्या, कोण गायलंय ते आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहा. पुढच्या रविवारी मी पुन्हा नल्लकुंट्याला आहे. काकूंनी कपाटातल्या सात कॅसेट वेगळ्या काढून ठेवल्यात. काकांच्या निळ्या लेबलांपैकी कुठल्या कुठल्यावरचं साल चुकलंय, ते त्या सांगणार आहेत.